पिवळा मास्क कसा फुटला

बाळांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही अंधेरीला माझ्याकडे पाण्याखाली बघायचे दोन मास्क विसरून गेलात. निळा थोरल्याचा, पिवळा धाकटीचा. तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटी विचारते, "आजी, मुंबईच्या समुद्रात खाली काय आहे ते बघितलंस का?" आणि मी सांगत आले, की पिवळा मास्क माळ्यावरून पडून फुटला आणि निळा कुठे ठेवला ते आठवत नाही. तुमच्या आईलाही मी तेच सांगितलं. दोन्ही खोटं आहे. निळा कुठे आहे ते मला नीट माहीत आहे. आणि पिवळा मी एका माणसाच्या तोंडावर मारून फोडला. तीनदा मारला.

जन्मभर इंग्रजी शाळेत शिकवल्यामुळे हे इंग्रजीत लिहायला बसले असते, तर "किरकोळ बाचाबाची झाली" अशा अर्थाचं एखादं सभ्य वाक्य आपोआप हातून उतरलं असतं. म्हणून मराठीत लिहिते, आणि झालं त्याच क्रमाने लिहिते.

आपल्या बिल्डिंगमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी मासे घेऊन येते ती कोळीण तुम्हाला आठवत असेल. थोरल्याने तिच्या पाटीतल्या खेकड्याला बोट लावलं होतं आणि मग दिवसभर ते बर्फात धरून बसला होता. ती मढची. तुम्ही गेलात त्या आठवड्यात तिने खिडकीत ठेवलेले मास्क पाहिले.

"हे काय ओ टीचर? पाण्यातला चष्मा?"

"हा लावून समुद्रात खाली बघतात. मासे दिसतात."

"आमच्या समुद्रात?" ती पाटीवर हात टेकून हसायला लागली. "आमच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाय. पण यायचं तर या. शनिवारी भावजी जाळं बघायला जातात. वाटेत खडक लागतो, तिथल्या डबक्यात पाणी साफ असतं. गादे पण दाखवते."

गादा म्हणजे डॉल्फिन. भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर, होडी त्याची. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

शनिवारी सकाळी मी वर्सोव्याहून तरीने मढला गेले. पिशवीत पाणी, लिंबू, टॉवेल, मलमपट्टी आणि दोन्ही मास्क. एक बिघडला तर दुसरा असावा, ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हसता तिला.

खडक म्हणजे किनाऱ्यापासून दूर एक काळं बेट, भरतीला अर्धं बुडणारं. वर शेंदूर लावलेला दगड आहे. भावजींनी नारळ फोडला, कोळणीने कोयतीने कालवं फोडायला घेतली. कालवं खडकाला चिकटून वाढतात, शिंपल्याला घाव घातल्याशिवाय सुटत नाहीत. तिचा हात यंत्रासारखा पडत होता. मी पिवळा मास्क लावून, त्याला जोडलेली श्वासाची नळी तोंडात धरून, एकाहत्तराव्या वर्षी एका डबक्यात पालथी झाले.

तिथे खरंच दिसलं. फुलासारखे हलणारे जीव, बोटाएवढे मासे, पाठीवर शंख घेऊन फिरणारे खेकडे. मग दोन मोठे खेकडे आले. एकाने दुसऱ्याचा पाय धरला, ओढला, उपटला आणि खायला लागला. ज्याचा पाय गेला तो तिथेच उभा राहून नांगीने चिखल उचलून तोंडात घालत होता. मला तोंड बाहेर काढवेना.

"काय बघितलं टीचर?" कोळणीने विचारलं.

"मारामारी."

"त्याला काय चष्मा लागतो?"

तिथून आम्ही जाळ्याकडे निघालो. यांचं जाळं पिशवीसारखं असतं, समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना दोरांनी बांधलेलं. ओहोटीची ओढ लागली की ते फुगतं आणि मासळी आत जाते. वर तरंगणाऱ्या पिंपांवरून जागा कळते. हे जाळं नवीन होतं. अख्ख्या पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांनी बसून विणलं होतं, आणि घर त्याच्यावर चालत होतं. मी होडीवरून वाकून बाहेरच्या पाण्यात मास्क घालून पाहिला. चहाच्या रंगाचं पाणी. हात सोडला तर कोपरापर्यंत दिसायचा. पुढची बोटं नाहीशी.

मग गादे आले. तीन मोठे आणि एक पिल्लू. धापेसारखा आवाज करत वर यायचे आणि जायचे. धाकटे, तुला कॉल लावावा म्हणून मी फोन काढला, पण रेंज नव्हती. तेवढ्यात एक स्पीडबोट आली. किनाऱ्यावरून सहलीची माणसं घेऊन डॉल्फिन दाखवायला येतात, त्यांतली. नारिंगी जॅकेट घातलेली पाच माणसं फोन वर धरून उभी. चालवणारा पंचविशीचा. तो गाद्यांभोवती गोल फिरायला लागला, जवळ, आणखी जवळ. मोठ्या गाद्याने पाण्यावर शेपूट आपटलं. बोट तो आणि पिल्लू यांच्या मधून गेली. पिल्लू परत वर आलं तेव्हा त्याच्या पाठीवर एक पांढरी रेघ होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती लाल झाली. माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांना दिसलं नसावं. त्या पिल्लाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

पुढच्या वळणाला बोट पिंपांवरून गेली. जाळ्याचा दोर तिच्या इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला आणि ती जागीच अडकली.

भावजींनी होडी तिच्या अंगाला लावली. तो पोरगा हातात लांब आकडी घेऊन उभाच होता.

"काका, दोर कापा. गिऱ्हाईकं आहेत माझ्याकडं."

"दोर नाय कापायचा. दोर कापला तर जाळं जाईल ओहोटीबरोबर."

"मग समुद्रात कशाला बांधून ठेवता? समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?"

"हो," कोळीण म्हणाली. "बापाचाच. तुझा कुठंय?"

त्याने आकडी फिरवली. भावजींच्या कानामागे लागली आणि मानेवरून रक्त सदऱ्यात उतरलं. भावजींनी त्याला कॉलरला धरून अर्धा होडीत ओढला आणि त्याचं तोंड काठावर आपटलं. सहलीतला एक माणूस मदतीला पुढे आला, तर कोळीण पाटीतले कालवांचे दगड उचलून मारायला लागली. एक त्याच्या गुडघ्यावर बसला, एक बायकोच्या फोनवर. मी मधल्या फळीवर पिशवी मांडीत धरून बसले होते. वर्गात मुलं भांडली की टाळी वाजवून "पुरे" म्हणायची माझी रीत. मी टाळी वाजवलीसुद्धा. कोणी बघितलं नाही.

मारामारी थांबली ती पाण्यामुळे. दोर मागच्या बाजूने ताणलेला असल्यामुळे स्पीडबोटीची पाठ ओहोटीकडे होती आणि लाटा मागून आत यायला लागल्या होत्या. दोर इतका घट्ट की इंजिन वर उचलता येईना.

भावजींनी पोराला सोडलं. "मी खाली जाऊन सोडवतो. जाळंपण वाचेल, तूपण वाचशील. इंजिनाला हात लावू नको." मग माझ्याकडे वळले. "टीचरबाय, तो चष्मा द्या."

मी निळा दिला. त्यांनी तो रक्ताळलेल्या कानावरून ओढला, सुरी दातांत धरली आणि स्पीडबोटीच्या मागे बुडी मारली.

"चावी काढून मला दे," कोळीण पोराला म्हणाली. त्याने दिली नाही. चाकाशेजारी चावी तशीच लटकत होती. भावजी एकदा वर आले, श्वास घेतला, "निम्मा सुटला" म्हणाले आणि परत खाली गेले. त्याच वेळी एक मोठी लाट आत आली. माणसांच्या घोट्यापर्यंत पाणी चढलं. एक बाई रडायला लागली. कोणीतरी ओरडलं, "चालू कर, चालू कर, बुडतोय आपण." कोळीण होडीच्या दुसऱ्या टोकाला, होडी बोटीजवळ ठेवणारा दोर धरून होती. पोराचा हात चावीकडे गेलेला मला दिसला. माझ्यापासून हातभर अंतरावर.

त्याने चावी फिरवली. इंजिन एकदा खाकरलं.

मी डावखुरी आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. शाळेत डाव्या हाताने लिहिलं की पेरांवर पट्टीची कड बसायची. वर्षभर बसली. वर्षअखेर मी उजव्या हाताने सुंदर लिहायला लागले आणि तेव्हापासून डाव्या हाताने फक्त वस्तू धरल्या. त्या दिवशी त्या हातात पिवळा मास्क होता. तो मी त्याच्या तोंडावर मारला. तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि हात अजून चावीवर होता. म्हणून दुसऱ्यांदा मारला. काच तडकली. तिसऱ्यांदा मारला तेव्हा त्याचा हात सुटलेला होता. तिसरा फटका गरजेचा नव्हता. हेही लिहून ठेवते. मग मी वाकून चावी उपटली आणि समुद्रात फेकली.

भावजी वर आले. डावा हात त्यांनी पाण्याबाहेर धरला होता आणि मनगटावरून रक्त कोपराकडे वाहत होतं. मधल्या दोन बोटांची टोकं नव्हती. "सुटला दोर," ते म्हणाले.

मी टॉवेलने हात बांधला. पोरगा खाली बसून रडत होता, एक दात तळहातावर घेऊन. कोळीण होडीच्या त्या टोकाकडून बघत राहिली. माझ्या हातातला मास्क, पोराचं तोंड, परत मास्क.

"तुमी?" ती म्हणाली.

स्पीडबोटीला चावी नव्हती. तेव्हा तिला आमच्याच होडीने ओढत किनाऱ्याला आणावं लागलं. कोळीण सुकाणूवर.

भावजींना रिक्षाने दवाखान्यात पाठवलं. धक्क्यावर दोन्हीकडची माणसं जमली, काठ्या घेऊन. पोराकडे बोट चालवायचा परवाना नव्हता, म्हणून पोलीस त्यालाही नको होते. वाडीच्या पंचांच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. म्हातारे पंच म्हणाले, "ह्याचा दात कोणी पाडला?"

"मी," मी म्हणाले.

खोलीतली सगळी हसली. मार खाल्लेला पोरगासुद्धा ओठ धरून हसल्यासारखं करत खाली बघत राहिला. म्हातारीने मारलं हे त्याला सांगायचं नव्हतं.

"मी मारलं," कोळीण म्हणाली.

पंचांनी पोराची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "उजवा गाल फुटलाय. समोरून मारणारा डावरा पाहिजे. तू उजवी ना गं?"

"पाटी उचलते मी. माझे दोन्ही हात चालतात."

"मी डावरी आहे," मी परत म्हणाले.

"टीचर, थट्टा पुरे," पंच म्हणाले आणि वही पुढे सरकवली. "तुमचं अक्षर चांगलं असेल. झालं ते लिहून द्या, म्हणजे दोन्हीकडच्या सह्या घेतो."

मी पेन उजव्या हातात घेतलं. माझ्या हातात पेन तसंच येतं. पंच माझ्या हाताकडे बघून हसले, आणि विषय संपला. पोराने जाळ्याला नवा दोर आणून द्यायचा आणि पुन्हा त्या बाजूला बोट न्यायची नाही, असं ठरलं. दात कोणी पाडला त्याचंही एक वाक्य होतं. त्या वाक्यात मी कोळणीचं नाव घातलं. ओळ सरळ, काना-मात्रा चूक नाही. माझ्या हस्ताक्षरातलं ते माझं सगळ्यात नीट लिहिलेलं खोटं.

पुढच्या शुक्रवारी ती आली तेव्हा मी तिला आत बसवलं. म्हटलं, "मी उद्या मढला येते आणि ते वाक्य खोडते."

"कशाला?"

"खरं नाही म्हणून."

"टीचर, ऐका. धक्क्यावर मच्छी उतरते तेव्हा मी मागं उभी राहायची. आता मला बघून बायका जागा देतात. परवा एक दलाल माझ्याशी अहो-जाहोनं बोलला. तुमी खोडलंत तर मी काय परत मागं जाऊ?" तिने पापलेट उलटून कल्ले दाखवले. "तुमाला त्याचा काय उपयोग? अंधेरीत तुमाला कोण जागा देणार?"

मी भावजींचं विचारलं.

"जातात कामाला. टोकंच गेली, बोटं राहिली. निळा चष्मा द्यायला सांगत होते परत, पण मीच म्हटलं, विचारते टीचरला. असू दे त्यांच्याकडं?"

"त्यांना खाली काय दिसलं तेव्हा?"

"काय नाय. अंधार. पण पंखा हलला तो नाकापुढं पांढरा चमकला म्हणाले. म्हणून हात मागं घेतला. नायतर पंजाच गेला असता."

तेव्हा धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मुंबईच्या समुद्रात कोपरापर्यंत दिसतं. थोरल्या, तुझा निळा मास्क मी भावजींना देऊन टाकला आहे, तुला न विचारता. पिवळा माझ्या कपाटात आहे. काचेला तडा आहे आणि रबरावर त्या पोराच्या दाताची खूण, साबणाने घासूनही जात नाही. वाडीत माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, तुम्ही ठेवा, म्हणून ती खूण मी जपली आहे. आलात की दाखवीन.

फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, ती पाटी घेऊन दारात असताना, हा विषय काढायचा नाही. तिच्यासमोर ते तिनेच मारलेलं आहे.