कमलताईंच्या मशीनचा जुना धागा

आधी नाव सांगते. विमलकाकू, जुने शहर, अकोला. रोज गाडीने बडनेऱ्याला येतात, आमच्या शिलाई युनिटमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर बसतात. त्या नसत्या तर आज मी इथे नसते.

भूत, नजर, उतारा... यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून.

मी चंदगडकडची. सातवीत शाळा सुटली, मग काजूचा कारखाना – टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडून सोलवटायची. ती बोटं वाचवायलाच शिलाई शिकून इतक्या लांब आले. गणवेशाच्या कॉलरची मशीन मिळाली. तिच्यावर आधी चौदा वर्षं कमलताई बसायच्या. त्या मुलाकडे नागपूरला गेल्या.

पहिल्याच दिवसापासून मशीन टाके सोडायला लागली. सुई बदलली, धाग्याचा ताण कमी-जास्त केला, बॉबिन केस नवी घातली. मेकॅनिकने टायमिंग लावलं, हवा मारून कानाकोपरा साफ केला. तरी तेच. सुपरवायझर म्हणाला, "चौदा वर्सं काई झालं नाई. तू बसली अन् बिघडली. शनिवारपर्यंत कॉलर निघाल्या तं ठीक, नाई तं गावी जाय."

कोणी म्हणालं लिंबू बांध. मी म्हटलं, मशीनला लिंबू लागत नाही, ऑइल लागतं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत काकूंनी विचारलं, "काहून वं, पयल्या दिवशी यातला जुना धागा काय केला तू?"

"उपसून फेकला. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलं."

"इथं बाई गेली तरी तिचा धागा मशीनीत राह्यते. नवी बाई आपला धागा त्याले गाठ मारून ओढते. मशीन रिकामी नाई करत कोनी."

"त्याने काय होतं?"

"मले काय मालूम. जेव आधी."

कमलताईंनी भरलेलं एक बॉबिन काकूंच्या ड्रॉवरमध्ये होतं. त्यातला हातभर धागा त्यांनी मशीनमध्ये ओवला, माझ्या धाग्याला गाठ मारून जोडला आणि मला ओढायला लावला. गाठ सुईपाशी आल्यावर कापली. कॉलर लावली... एक टाका सुटला नाही.

गाठीबरोबर अडकलेला कचरा निघाला असेल, असं मलाही वाटलं. म्हणून मुद्दाम धागा उपसला आणि तोच पुन्हा साधा ओवला. पाचवाच टाका सुटला.

"चालून राहिली होती, तं खाज काहून आली तुले?" काकू ओरडल्या.

कमलताईंच्या बॉबिनमधल्या धाग्याला गाठ मारली – पुन्हा सुरळीत. तीनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा मेकॅनिकसमोर. तो म्हणाला, "चालते ना? मंग हात नको लावू."

आत्मा वगैरे म्हणाल, तर कमलताई नागपुरात ठणठणीत आहेत, फोनवर पोट धरून हसल्या. कारण मला आजही माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्याने येऊन दाखवावं, मी उठून जागा देते. लिंबू मात्र बांधणार नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलर निघाल्या. मी राहिले.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबतंय, कारण घरी त्यांचं करायला कोणी नाही. मी सांगून ठेवलंय – जेव्हा कराल तेव्हा डोळा बरा होईपर्यंत अकोल्याला येऊन राहीन, चूल माझ्याकडे.

"ज्वारीची भाकर येते तुले?"

आमच्याकडे नाचणीची. पण तोवर शिकून घेईन.