सगळी झाकणंच

आमच्या गल्लीतल्या तोमोए-सानचं नाव एका शिंपलीला मिळणार होतं. शिंपलीही साधीसुधी नव्हे, लाखो वर्षांपूर्वीची, दगड झालेली. तेव्हा जपानच्या होक्काइदो बेटावरचं आमचं हे गाव समुद्राखाली होतं म्हणे. आता पाच महिने बर्फाखाली असतं, एवढाच फरक.

तोमोए-साननी बंदरावरच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं होताते सोलल्या. होताते म्हणजे पंख्यासारख्या, मोठ्या खायच्या शिंपल्या. सुट्टीच्या दिवशी बाई हातोडी घेऊन नदीकाठचे दगड फोडत बसायच्या. नवरा म्हणायचा, "आठवडाभर शिंपल्या, सुट्टीलाही शिंपल्याच! माझ्या नशिबी काय, टरफलं?"

त्यांनी आणलेल्या सपाट शिंपल्यांची जात नवीच आहे, असं संग्रहालयाच्या ओबिनाता सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, ठरवलं आणि तिला तोमोए-सानचं नाव द्यायचंही ठरवलं. त्याच काठावर सापडणाऱ्या फुगीर शिंपल्यांचं नाव मात्र फार पूर्वीच छापून झालेलं. मी गल्लीभर दवंडी पिटली, शुभकार्याचा लाल भातही शिजवला.

शोधनिबंध छापायला जाण्याआधी सेन्सेईंनी बाईंना खण उघडून दाखवले. मीही गेले. बोलावलं नव्हतं, म्हणून काय झालं?

तोमोए-साननी एक सपाट शिंपली उचलली. मग दुसरी, तिसरी. चेहरा उतरला.

"सेन्सेई, या खणात सगळी झाकणंच आहेत."

"झाकणं?"

"होतातेचा एक शिंपला खोलगट, म्हणजे बाहेरून फुगीर, दुसरा सपाट. खोलगट भाग तळहातात धरायचा आणि सपाटाखाली सुरी सारायची. हे सांध्याजवळचे कान बघा, त्यांवरून बाजू कळते. या सगळ्या डाव्या बाजूच्या. यांत एक तरी उजवी दाखवा. आणि त्या फुगीर शिंपल्यांच्या खणात एक तरी डावी."

सेन्सेईंनी दोन्ही खण उपसले. एकही निघाली नाही.

मी बाईंना कोपर मारलं. "अहो, गप्प बसा ना! आधी नाव छापून तर येऊ दे!"

"झाकणाला माझं नाव? अगं किनुयो, पस्तीस वर्षं झाकणं फेकत आलेय मी."

सेन्सेई पुटपुटले, "पण दोन्ही जुळलेली एकत्र मिळाल्याशिवाय…"

बाई एकदम माझ्याकडे वळल्या. "गेल्या हिवाळ्यात तू लोणच्यावर वजन म्हणून ठेवायला माझा एक दगड नेलास. मी त्याला नुसता फुगीर शिंपला समजले होते. वरची माती कधी खरवडलीच नाही. कुठाय तो?"

कुठे असणार? माझ्या मुळ्याच्या लोणच्यावर! धावत घरी गेले, पिंपात हात घातला आणि निथळता दगड सेन्सेईंच्या टेबलावर आणून आदळला. खोलीभर लोणच्याचा घमघमाट. सेन्सेईंनी रुमाल नाकाला लावला, पण सुई सोडली नाही. चार दिवस माती टोकरली. शेवटी खोलगट शिंपल्यात नीट बसलेलं सपाट झाकण दिसलं. दोन जाती नव्हत्याच, एकाच शिंपलीचे दोन भाग.

सेन्सेई खाली मान घालून म्हणाले, "मग जुनंच नाव राहणार, तोमोए-सान. नियमच आहे तसा, आधी छापलेलं तेच खरं."

"राहू दे की. लाल पेन द्या इकडे." बाईंनी निबंधातलं स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. रेघ अशी सरळ, जणू सुरीच फिरवली.

आता तो दगड काचेच्या कपाटात आहे. वर जुनं नाव, खाली बारीक अक्षरांत: 'शोधून ओळखणारी: तोमोए इसोगाई'. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते आणि ती ओळ मोठ्याने वाचायला लावते. एखादा नाक मुरडतो. "कसला हो हा वास?"

"माझ्या मुळ्याचा," मी छाती काढून सांगते.