पडद्यावरची गिधाडं आणि आमचा माळ

मी पाडा सोडला त्या सकाळी आमचा बांड्या बैल मेला. हरसूलहून मला नाशिकची एसटी धरायची होती आणि बाबा स्टँडवर सोडायला येणार होते. पण ते चार माणसं घेऊन बैल माळावर ओढत निघाले. "तू हो पुढं. पाहुणे येईस्तोवर मला बसाय लागंल, नायतर कुत्री लागतील," एवढंच म्हणाले. पाहुणे म्हणजे गिधाडं. आमच्याकडे मेलेलं ढोर त्यांच्यासाठी माळावर ठेवतात. दुखण्यावरची सुई टोचलेलं असेल तर मात्र पुरतात, कारण त्या औषधानं गिधाडं मरतात. मला तेव्हा बाबांचा रागच आला होता. एसटीच्या खिडकीतून मागे पाहिलं तर आभाळातून काळे ठिपके उतरत होते.

आता मी पुण्यात ॲनिमेशन स्टुडिओत आहे. सिनेमा बनण्याआधी त्याची चित्रं काढते, स्टोरीबोर्ड म्हणतात त्याला. पाड्यावर राहिलेल्यांनो, तुम्हाला हे कळायला हवं. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले तर रोज बघतातच. इथे गिधाडाला एकच नोकरी आहे. वाळक्या झाडावर बसायचं आणि हिरो कधी मरतो याची वाट बघायची. वर किंकाळी चिकटवतात ती भलत्याच पक्ष्याची. गिधाडाला धड ओरडताही येत नाही, ते नुसतं फिस्कारतं. गोष्टीच्या पुस्तकांत जमिनी लाटणारा बिल्डर म्हणजे गिधाड. अरे, गिधाडानं कुणाची गुंठाभर तरी जमीन लाटली? ते कुणाला मारतसुद्धा नाही.

यंदा मे महिन्यात लेकीला, जुईला, पाड्यावर नेलं. बाबा मोठ्या हौसेनं तिला माळ दाखवायला घेऊन गेले. डोक्यावरून सावली सरकली, तशी ती त्यांचा हात सोडून माझ्याकडे पळाली. "आई, आता कोण मरणार?" बाबांचा चेहरा उतरला. "हिला हे कुणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं. सुट्टीत तिला कार्टूनचे सिनेमे दाखवायला मीच न्यायचे. पुढचे सगळे दिवस ती आजोबांच्या हातून भाकरीचा तुकडा घेईना, कारण त्याच हातांनी ते 'त्यांना' जेवू घालतात.  बाबा ताट माझ्याकडे सरकवून उठून जायचे.

परत आले तर टेबलावर नवं काम. आदिवासी पाडा, आणि वर घिरट्या घालणारी गिधाडं. "गिधाडं टाकली की गरिबी लगेच कळते," दिग्दर्शक म्हणाला. मी म्हटलं, "आमच्या पाड्यावर गिधाडं दिसली नाहीत तर माझे बाबा घरोघर विचारत फिरतात, कुणी सुईचं ढोर टाकलं का म्हणून." तो हसला. "मॅडम, आपण डॉक्युमेंटरी करत नाही आहोत." मी कागद परत केले. काम दुसऱ्याला गेलं, गिधाडंही त्यानं झकास काढली. तेव्हापासून मला स्टुडिओत डोकेदुखी म्हणतात. खुशाल म्हणा.

जुई अजून आजोबांशी फोनवर तुटक बोलते. पूर्वी कुणी घर कुठलं विचारलं की मी तालुका सांगायचे. आता म्हणते, आभाळात गिधाड दिसलं की जिथल्या माणसांना हायसं वाटतं, ते माझं घर. ते जुईचंही होतं. पडद्यानं एवढ्याशा पोरीकडून ते हिसकावून घेतलं, आणि वर तिकिटाचे पैसे मीच भरले.