पुंडलिककाकांचं रुपयाचं नाणं

पुंडलिककाका उद्या सकाळी पुन्हा सायकल काढतील, ओमती बाजाराच्या गर्दीतून नव्या कामावर जातील आणि मागच्या गाडीचा हॉर्न त्यांना ऐकू येणार नाही. दुपारपासून हेच डोक्यात आहे. झोप येत नाही.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या अंगणातल्या फरश्या त्यांनीच बसवल्या. काम संपल्यावर खिशातून रुपयाचं नाणं काढून, गुडघ्यांवर सरकत एकेक फरशी वाजवली. खाली सिमेंटचा माल नीट भरला नसेल तर आवाज पोकळ येतो, म्हणाले. दोन फरश्या तशा निघाल्या. कुणी न सांगता त्यांनी त्या उखडून पुन्हा बसवल्या.

परवा सिलिंडरवाल्याने नळाजवळची फरशी फोडली. काका फोन उचलेनात, म्हणून पाटणला दिलेल्या त्यांच्या मुलीकडे, अमिताकडे निरोप ठेवला. "माझाही उचलत नाहीत हो काकू," ती म्हणाली. "कशावरून रागावून राहिले, कळतच नाही." मग शेजाऱ्याकरवी तिने निरोप पोहोचवला.

आज काका आले. वय अडुसष्ट, बायको गेल्यापासून एकटेच. छन्नीने तुकडे काढले, जुना माल खरवडला, थापीने नवा पसरला, फरशी ठोकून बसवली. मी दोनदा चहाला हाक मारली, वर पाहिलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

मग नाणं काढलं. एका कोपऱ्यात भद्द आवाज आला. मला दारातूनही ऐकू आला.

"पक्की बसली," काका म्हणाले.

"काका, तो कोपरा पोकळ वाटून राहिला."

तेच दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. त्यांनी कान फरशीला टेकवून पुन्हा वाजवलं. मग फरशी उचलली. कोपऱ्याखाली माल पोचलाच नव्हता.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"फरशी कापायच्या कटरनं खाल्ले कान. तीस वर्षं कानाशी ओरडून राहिला तो." मग हसले. "तुमची काकू होती तोवर फायदाच होता त्याचा."

"अमिताला माहीत आहे?"

"काहून सांगू? नेऊन खाटेवर बसवील. जावयाच्या दारात बसून काय करू मी? तुम्ही नका सांगू, ताई."

मी बरं म्हटलं. त्यांनी माल भरून फरशी पुन्हा बसवली आणि नाणं माझ्या हातात दिलं. "वाजवा. तुम्हीच सांगा." मी चारही कोपरे वाजवले आणि मान हलवली. तेव्हा कुठे उठले.

सायकलवर फाटकाबाहेर पडताच ते मागून हॉर्न देत आलेल्या एका ऑटोपुढे सरळ वळले. ऑटोवाला ओरडला, "चाचा, मरना है क्या?" काका तसेच पुढे गेले.

पुण्यात माझ्या मुलाला, तनयला टायफॉइड झाला तेव्हा त्यानेही मला सांगितलं नव्हतं. त्याच्या घरमालकिणीने कळवलं. तो तिच्यावर चिडला होता, मी मात्र त्या बाईंचे उपकार विसरलेली नाही.

काका चिडतील. कदाचित पुन्हा आमच्याकडे कामाला येणार नाहीत. पण अमिताला वाटतं आहे, बाबा रागावलेत. तिला एवढंच सांगेन की खाटेचं नंतर बघ, आधी कानाचं मशीन. नेपियर टाउनच्या कानाच्या डॉक्टरांकडे मीही सोबत येते.

सकाळी सहाला अमिताला फोन लावते. काका सातला सायकल काढतात.