रंगुमावशीचं ‘नको’

माझ्या रंगुमावशीनं कडेगावच्या एसटी स्टँडसमोर बत्तीस वर्षं खानावळ चालवली, पण तेवढ्या वर्षांत ती स्वतः दुसऱ्याच्या हॉटेलात बसून कधी जेवली नाही. ऊसतोडीवाले, ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर, सुट्टीवर आलेले फौजी, सगळे तिच्या हातची भाकरी खाऊन गेले. तिचा एक कायदा होता. "माणूस पयल्यांदा नको म्हनतंय ते लाजून. दुसऱ्यांदा म्हनतंय ते रीत म्हनून. तिसऱ्यांदा नको म्हनलं, तर समजायचं पोट भरलं." त्यामुळं ताटावर दोन्ही हात आडवे धरल्याशिवाय तिच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही. मी स्वतः कितीदा तरी कमरेचा पट्टा सैल करून तिथून उठलोय.

स्वतःच्या बाबतीतही ती तशीच. कुणाच्या घरी गेली की चहालासुद्धा आधी नको. दोनदा आग्रह झाला की कप हातात घ्यायचा, आणि रिकामा करून झाल्यावर वर म्हणायचं, "साखर लय पडलीया." आमच्याकडं हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कुणाचं काही अडत नाही.

गेल्या दिवाळीत गुडघ्यांनी दगा दिला आणि खानावळ बंद झाली. तिचा मुलगा वीरधवल फौजेत आहे, सध्या लडाखकडं. सून अंकिता मूळची सांगलीची. तिनं विश्रामबागेत कॉलेजच्या रस्त्यावर सँडविचचं दुकान काढलंय आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. मावशी तिकडं कडेगावात एकटी. असं का, म्हणून मी मावशीला विचारलं तर म्हणाली, "तिचं तिला बरं हाय." अंकिताला विचारलं तर म्हणाली, "आईंना तिकडंच बरं वाटतं." दोघींचं बरंच चाललंय म्हटल्यावर मी कशाला मध्ये तोंड घालू? पण मागच्या बुधवारी मावशीला सांगलीच्या डॉक्टरांकडं नेलं, तर ते स्पष्ट म्हणाले, "आजी, आता एकटं राहायचं नाही." मावशीनं मान डोलावली आणि बाहेर येऊन मलाच विचारलं, "मग कुटं ऱ्हायाचं?"

दुपार झाली होती, भूक लागली होती. मी तिला अंकिताच्या दुकानात घेऊन गेलो.

मावशी तिथं पहिल्यांदाच येत होती. अंकिता लगबगीनं पाया पडली, खुर्ची दिली. पोरापोरींची गर्दी होती आणि जो तो काउंटरपाशी जाऊन आपल्या सँडविचमध्ये काय घाल आणि काय घालू नको ते सांगत होता. मावशी डोळे फाडून बघत होती. "गिऱ्हाइकच सांगतंय व्हय कसं करायचं ते? मग ही काय करती?"

मी माझं मसाला टोस्ट सांगितलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. ही माझी चूक. अंकिता कागद-पेन घेऊन मावशीपाशी आली.

"आई, चीज घालू?"

"नको."

"बटाटा?"

"नको गं."

"कांदा? काकडी? टोमॅटो?"

"काय नको बाई."

"हिरवी चटणी तरी?"

"नको, नको."

दहा मिनिटांनी मावशीपुढं ताटली आली. त्यात लोणी लावून भाजलेले ब्रेडचे दोन तुकडे होते, बाकी काही नाही. मावशीनं वरचा तुकडा उचलला, खाली बघितलं, मग खालचाही उलटून बघितला.

"सुम्या, ह्यात काय हाय रं?"

"तूच तर सगळं नको म्हणालीस."

"आरं, नको म्हनायचंच आसतं! पर तिनं परत कुटं इचारलं?" आणि मग आवाज एकदम खाली गेला. "दिवाळीतबी आसंच झालं. आई, सांगलीला येता का ऱ्हायला, म्हनली. म्या म्हनलं, नको. ती गप बसली. परत न्हाईच इचारलं. मला वाटलं, वरवरचं इचारलं आसंल."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मी उठलो आणि काउंटरमागं गेलो. अंकिताला सगळं सांगितलं तर तिच्या हातातली सुरी तशीच थांबली.

"आमच्या घरी नाही म्हटलेल्याला परत विचारलं तर बाबा रागवायचे. म्हणायचे, माणसाच्या शब्दाचा मान ठेवावा. दादा, त्या दिवशी रात्रभर रडले मी. मला वाटलं, त्यांना माझ्याकडं राहायचंच नाही." मग तिनं घड्याळाकडं बघितलं. "मागची एक खोली मी कॉलेजच्या दोन मुलींना देतेय. आज पाचला त्या पक्कं करायला येणार आहेत."

"मग जा आणि आत्ता विचार."

ती आली. ओढणीला हात पुसले. "आई, इथं येऊन राहता?"

"नको," मावशी म्हणाली.

सवय, दुसरं काय! मी कपाळावर हात मारला. अंकितानं माझ्याकडं बघितलं. मी दोन बोटं दाखवली, म्हणजे अजून विचार. तिनं परत विचारलं.

"नको गं, तुला कशाला तरास."

आता मात्र मीच गोंधळलो. हे रीतीचं की खरं? तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदाही नकोच आलं, तर तिच्या कायद्यानं विषयच संपणार होता. अंकिताला तर हेही समजत नव्हतं की आपण आग्रह करतोय की अपमान. काउंटरवरून कुणीतरी ओरडत होतं, "ताई, दोन ग्रिल!" तिनं तिकडं बघितलंही नाही. तिनं तिसऱ्यांदा विचारलंच नाही. ती मावशीच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आई, मला इथं एकटीला करमत नाही. रात्री भीती वाटते. जेवायला बसले की घास उतरत नाही."

मावशीनं समोरची ताटली बाजूला सारली.

"आगं, मग हे आदी का न्हाई सांगितलंस? पोरगी उपाशी हाय, आन मी तिकडं कडेगावात काय करत बसलीया? येते की मी! उद्याच येते."

अंकितानं तिथंच, खाली बसल्या बसल्या, त्या मुलींना फोन लावला. खोली द्यायची नाही म्हणाली. पलीकडून कारण विचारलं असावं.

"घरातलं माणूस राहायला येतंय," एवढं म्हणून ती ओढणीनं डोळे पुसायला लागली. फोन मग मीच घेतला.