काकांचा ‘हो’

बोट बधिर असताना तुम्ही डॉक्टरांना ‘कळतंय’ म्हणाल का? स्पिरिटचा वास आला की मला काका आठवतात. जैनाबादच्या मळ्यात केळीचा घड कापताना विळा त्यांच्या मनगटात घुसला होता. ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाई एकेका बोटाला कापूस लावून ‘कळतंय का?’ विचारत होत्या आणि काका दरवेळी म्हणत, “हो बाई, एकदम बराबर!” मग बाईंनी त्यांचे डोळे झाकले आणि कापूस न लावताच विचारलं. काका म्हणाले, “हो.” मी चक्रावलो. “काका, लावलाच नाही!” ते कुजबुजले, “चूप रे! नाही म्हटलं तर बोट कापतील.” कुठलं बोट बधिर आहे, त्यावरून तुटलेली नस शोधायला बाईंना तर ‘नाही’च हवं होतं. एवढी भीती त्यांच्यात कुणी भरली, हे मला आजही समजत नाही. आपल्या माणसाला डॉक्टरांकडे आत पाठवण्याआधी तुम्ही एवढं सांगा : खरं बोलल्यानं कुणी बोट कापत नाही.