गुलाबभाऊचं शेवटचं कारलं

साऱ्या अमरावतीत बेसबॉलचा ग्लोज माह्याइतका चांगला कोनीच शिवत नाई. दुसरा कोनी शिवतच नाई, म्हून. बाकी माहा धंदा मोटरसायकलच्या सीटा शिवाचा. पन तीस वर्सांपासून आपल्या टीमचे फाटके ग्लोज माह्याच मशीनपुढं येऊन पडते, अन् त्याच मशीनवर बसलो होतो तवा गुलाबभाऊच्या घरून कांतावैनीचा फोन आला. "मधुकरभाऊ, हे गेले. सकाऊन वाडीत गेलते, कारल्याच्या मांडवाखाली बसले, ते उठलेच नाई." इतकंच बोलल्या अन् फोन ठेवून देल्ला. मी हातातली सीट पुरी शिवली. काहून शिवली, माहित नाई. ज्याची होती तो दुसऱ्या दिवशी वापस घेऊन आला... उलटी शिवली होती.

मी तिसरी शिकलो, तेई दोनदा. म्हून मी बोलून राहिलो अन् माही पोरगी लिवून राहिली. ते म्हनते, बाबा, मी शिव्या काढून टाकते. म्हनलं काढ, पन मंग गुलाबभाऊचं काई उरत नाई त्याच्यात.

मले राग कायचा आला सांगू? शोकसभेचा. ग्राउंडवर खुर्च्या टाकल्या, माईक लावला, अन् एकेक जन उठून सांगे, गुलाबराव म्हंजे शांत माणूस, गोड माणूस, खेळाडूंवर मायेचा हात ठेवणारा माणूस. अबे, कोनाबद्दल बोलून राहिले तुमी? नाव गुलाब होतं, बस. तीस वर्सं तो माणूस लिंबाखालच्या पायरीवर बसून आपल्याच टीमले शिव्या देत होता. पंचाले नाई, समोरच्याले नाई, आपल्याच पोट्ट्यायले! एकदा आमच्या पिचरची माय मॅच पाहाले आली, तिच्यापुढं पिचरले जे म्हनला ते पोरगी लिवत नाई हाये. अन् ज्यायनं त्याच्या शिव्या खाल्ल्या, तेच माईकवर गोड म्हनून राहिले. मी उठलो, म्हनलं खरं सांगतो. माईक हातात घेतला अन् एक जोक सांगून खाली बसलो. लोकं हासले. माहं असंच हाये. खरं बोलाची पाळी आली का मले जोक सुचते.

बेसबॉल त्याच्या गळ्यात कसा पडला, तेई रागानंच. त्यायची वाडी बडनेऱ्याच्या अंगाले, भाजीपाल्याची. ग्राउंडच्या बाजूले होस्टेल, तठी हा टोपली घेऊन जाये. एक दिवस कोन्या पोट्ट्यानं मारला टोला, अन् बॉल आला थेट टमाटरात. गुलाबभाऊ बॉल खिशात टाकून मारामारी कराले ग्राउंडात घुसला. पाह्यते तं एक पोट्टा जीव खाऊन पळून राहिला, मांगं कोनी लागेल नाई. विचारलं, "हा काहून पळून राहिला बे?" कोनीतरी समजावून सांगतलं. समजलं नाई. म्हून दुसऱ्या दिवशी समजून घ्याले आला. तीस वर्सं तो समजूनच घेत होता अन् पाचव्या वर्सापासून कॅप्टनले शिकवत होता.

अन् कारलं. हे त्यानंच काढलं. मॅच झाली का ज्यानं साऱ्यात मोठी चूक केली त्याले सगळ्यायपुढं उभं कराचं अन् थैलीतून एक कारलं काढून त्याच्या हातात द्याचं. त्याच्याच मांडवाचं, ताजं, बोटभर काटे असल्यासारखं. नियम एकच, घरी नेऊन खाचं. फेकाचं नाई, बायकोले द्याचं नाई. दुसऱ्या दिवशी भाजी बाजारात भेटून तो विचारे, "खाल्लं का?" पन कारलं देल्लं का विषय खतम. त्या चुकीबद्दल मंग तो जन्मात बोलत नसे. मी जवानीत दोन सीझन खेळलो, राइट फिल्डले, कारन तिकडे बॉल कमी येते. तरी माह्याइतके कारले कोनालेच भेटले नाई. माही बायको म्हने, "तुमी टीममध्ये नसले तरी ग्राउंडवर जात जा, घरात भाजी येते."

जिंकल्यावर काय देशीन, हे त्याले कोनी विचारलं नाई. पाळीच नाई आली... म्हंजे बाकी टीमा हारे कधीमधी, पन अकोल्याले आमी कधी हरवलंच नाई. अन् गुलाबभाऊची सासुरवाडी अकोल्याची! साळा अकोल्याच्या टीमचा पक्का मानूस. दर वर्सी दिवाळीले हा माणूस जावई म्हून पाटावर बसे अन् साळा वाढता वाढता विचारे, "भाऊजी, औंदा किती रननं?" तीस दिवाळ्या त्यानं मान खाली घालून करंज्या खाल्ल्या. त्याले बाकी काई नाई पाह्यजे होतं. कप नको, फोटो नको. एक दिवाळी मान वर करून जेवाचं होतं.

अन् औंदाची टीम पाहून तं मलेई वाटलं, जमलं. पिचर असा का बॉल दिसे नाई, आवाज येये. एक परतवाड्याचा पोट्टा असा टोला मारे का बॉल शोधाले सायकल न्या लागे. गुलाबभाऊ बाजारात गिऱ्हाइकाले वांगे मोजता मोजता टीमचं सांगे. अन् मंग सुरू झालं. पयली मॅच ज्या टीमनं जिंकली त्यायच्यापाशी ग्लोजच नोयते, आमचेच मांगून घेतले अन् आमालेच हरवलं. दुसऱ्या मॅचले आमचा पिचर अन् कॅचर बोलत नोयते, कोन्या लग्नाच्या पंगतीत बासुंदीवरून वाजलं होतं. तिसऱ्याले परतवाड्याच्या पोट्ट्यानं होमरन मारला, नाचत नाचत आला, अन् मंधातल्या बेसवर पाय ठेवाचाच भुलला. आऊट! अबे तुले पाय कायले देल्ले देवानं? इतका राग मले आजई येते का हातातली आरी बोटात घुसते. गुलाबभाऊ त्या दिवशी कारलं देता देता रडला. डॉक्टरनं सांगतलं होतं, छाती नाजूक हाये, चिडाचं नाई. वैनीनं त्याचं ग्राउंड बंद केलं.

आता माहं आयका. शेवटची मॅच अकोल्याले, अकोल्याशीच. दोन दिवस आदी निलेशचा ग्लोज माह्यापाशी आला. निलेश म्हंजे आमचा सेंटर फिल्डचा गडी, माह्याच रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान हाये, लेकराबाळाचा मानूस. साऱ्या टीममध्ये एकटाच असा का ज्याले वर्सभरात एकई कारलं भेटलं नाई. ग्लोजमध्ये आंगठा अन् बोटाच्या मंधात जाळी असते, चामड्याच्या वादीनं वोवलेली. बॉल तठीच अडकते. ती वादी तुटली होती. माह्यापाशी चामड्याची वादी संपली होती. बाजारात गेलो असतो तं भेटली असती, पाच मिनिटाचं काम. मी सीटले लावतो तो रेक्झिनचा गोट वोवून देल्ला अन् वरून काळी पॉलिश मारली. गुलाबभाऊ दुकानावर आला, ग्लोज पाह्यला. "मध्या, वादी पक्की हाये ना?" म्हनलं, "भाऊ, तुमी मराल पन हे नाई तुटनार."

असं बोललो मी. हेई लिव म्हनलं पोरीले.

मॅचच्या दिवशी गुलाबभाऊनं वैनीले सांगतलं, मध्यासंग मोझरीच्या गुरुकुंजले जाऊन येतो, प्रार्थनेले. वैनीनं डबा बांधून देल्ला. मोझरी एकीकडे, अन् आमी बडनेऱ्याहून गाडीत बसलो भलतीकडे. साळ्यानं ग्राउंडवर पाह्यलं अन् आमच्यापुढंच बहिनीले फोन लावला, "ताई, मोझरी अकोल्यात आली वाटते."

शेवटची इनिंग. आमी एका रननं पुढं! तीस वर्सांत पयल्यांदा. अकोल्याचे दोघं आऊट, दोघं बेसवर, तिसरा आऊट झाला का मॅच आपली. गुलाबभाऊ उभा होता, माहा खांदा धरून, अन् पयल्यांदाच शिवी देत नोयता. बॉल उडाला वर, उंच, सरळ निलेशकडे. निलेश बॉलच्या खाली जाऊन उभा राह्यला, हात वर केला. लेकरू झेलन असा कॅच. बॉल ग्लोजात गेला... अन् आरपार मांगं निंघाला. बेसवरचे दोघं पळत होमवर आले, दोन रन. मॅच संपली.

निलेश ग्लोज घेऊन आला. म्हने, "काका, जाळी फाटली." साऱ्यायनं माह्याकडे पाह्यलं. मी ग्लोज हातात घेतला, पाह्यलं, रेक्झिनचा गोट उसवून लोंबत होता. अन् मी काय म्हनलो? "ग्लोजले काई नाई झालं राजा, तुह्या हाताले भोक पडलं." लोकं हासले. अकोल्याचेई हासले. मी ग्लोज मॅचले न्याच्या हत्याराच्या थैलीत कोंबला. निलेश खाली बसून बुटाच्या नाड्या सोडाले लागला. अन् गुलाबभाऊनं त्या दिवशी कोनालेच कारलं देल्लं नाई. आमाले वाटलं, धक्का बसला.

गाडीत तो खिडकीशी बसला. मुर्तिजापूरच्या आदी म्हने, "मध्या, तुले काई सांगाचं हाये का?" मी म्हनलं, "हो, तुमच्या साळ्यानं पेढे वाटले, आपल्याले नाई देल्ले." तो हासला नाई. "बरं," म्हने. "जाय, चहा आन." मी मुर्तिजापूरले उतरून चहा घेऊन आलो. थैली त्याच्याच पायाशी होती. घरी पोचलो तं वैनी दारात उभ्या. "झाली प्रार्थना?" हा म्हने, "झाली. देवानं आयकली नाई." ते त्याचं माह्यादेखत शेवटचं बोलनं. तिसऱ्या दिवशी गेला.

मंधातल्या दोन दिवसांत मी काय केलं? टीमच्या व्हॉट्सअपवर निलेशच्या नावानं चाळनीचा फोटो टाकला. लोकायनं हासून घेतलं, मंग जो तो टाकाले लागला, गळका नळ, फाटकं छत. निलेश ग्रुपमधून निंघून गेला. गुलाबभाऊ गेल्यावर तं लोकं उघड बोलाले लागले, त्या एका कॅचनं म्हातारा मारला. निलेशनं टीमचे कपडे धुऊन, घडी करून वापस पाठवले. माह्या दुकानावरून जाते तं खाली पाहून जाते. अन् मी खाली पाहून सीटा शिवतो.

तेरवी झाली. दुकानात वास येये. मले वाटलं उंदीर मेला. शोधता शोधता खिळ्यावरची थैली काढली... त्या दिवसापासून उघडलीच नोयती. ग्लोज काढला. ग्लोजच्या तळहातात, बराबर बॉल बसते त्या जागी, एक कारलं. पिवळं होऊन फुटलेलं, लाल बिया चामड्याले चिकटलेल्या. अन् लोंबता गोट त्याच्याभवती दोनदा गुंडाळून गाठ मारलेली. गुलाबभाऊची गाठ, पालकाच्या जुडीले मारे तशी.

त्याले सारं माहित होतं! मले इतका राग आला का मी थैली भिंतीवर फेकली. अबे म्हाताऱ्या, तोंडावर काहून नाई बोलला? सगळ्यायपुढं उभं कराचं असते ना? तुहाच नियम ना? तीस वर्सं गाव गोळा करून शिव्या देल्ल्या, अन् खऱ्या चुकीले गुपचूप थैलीत? मले वाचवाले कोनी सांगतलं होतं तुले? दोन दिवस वाट पाह्यली असन त्यानं, का मध्या येईन, थैली उघडली म्हनन. अन् मध्या चाळनीचे फोटो टाकून राहिला होता.

ते सडकं कारलं कागदात घेऊन मी वाडीत गेलो. सारं सांगतलं. म्हनलं, "वैनी, माह्यामुळं गेला तो." वैनी मांडवाखाली कारले तोडत होत्या. म्हने, "इतके मोठे नोका होऊ. डॉक्टरनं दोन वर्सांआदीच सांगून ठेवलं होतं." मी कारलं त्याच्या फोटोपुढं ठेवाले गेलो तं हातातून घेतलं, उकिरड्यावर फेकलं, अन् मांडवाचं ताजं तोडून देल्लं. "त्यायनं खायाले देल्लं होतं, पुजाले नाई."

खाल्लं. बायकोनं गूळ टाकतो म्हनलं, नाई टाकू देल्ला. ग्लोजले खरी वादी आनली, जाळी नवी वोवली, ओढून ओढून पाह्यली. तो ग्लोज खिळ्यावर लावला, तळहातात बियांचे लाल डाग, ते जात नाई. मंग मी ठरवलं, असं गुपचूप नाई, पेपरातच देतो. कॅच निलेशनं नाई सोडला, माह्या रेक्झिननं सोडला, हे साऱ्या जिल्ह्याले कळू दे. मले वाटलं, याच्याहून मोठी हिंमत कोन करन? अठीपर्यंत पोरीनं लिवलं, पुढचं मांगून जोडलं, अन् पाठवाच्या आदी ग्लोज अन् कागद घेऊन आमी वैनीपाशी गेलो, वाचून दाखवाले.

वैनीनं भाजी निवडता निवडता सारं आयकलं. मी डोळे पुसून राहिलो होतो. म्हनलं, "कसं हाये?"

"पेपर कायले पाह्यजे होता?" वैनी म्हने. "निलेशचं दुकान तुमच्या दुकानापासून चौथं हाये, मधुकरभाऊ. कागद ठेवा अठी, ग्लोज घ्या, अन् चपला घाला."